दगडाला बोलतं करणारा माणूस

दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा होतो. पोस्टर, क्विझ, पाहुण्यांचं भाषण, नंतर चहा-सामोसा. स्टेजवर फेटा बांधलेल्या एका गृहस्थांचा फोटो आणि त्याला हार. हे गृहस्थ म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांच्याबद्दल आपल्याला तीनच गोष्टी पाठ असतात : १९३० चं नोबेल, रामन इफेक्ट, आणि समुद्र निळा का दिसतो. त्यातही बहुतेकांना दुसरी आणि तिसरी गोष्ट एकच वाटते. ती एक नाही. समुद्र निळा दिसण्याचं मुख्य कारण आज वेगळंच सांगतात (पाणी लाल रंग शोषून घेतं), पण रामन इफेक्ट मात्र जसाच्या तसा उभा आहे. नुसता उभा नाही, तर मंगळावर जाऊन पोचला आहे! तिथल्या गाडीवर बसून तो दगडांना त्यांची नावं विचारतो. म्हणून हा फोटोतला माणूस कोण होता, ते जरा नीट पाहू या.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवानैकावल या गावातला. वडील गणित आणि फिजिक्स शिकवायचे, पुढे विशाखापट्टणमच्या कॉलेजात लागले. घरात पुस्तकं भरपूर, पैसा बेताचा. मुलगा अकराव्या वर्षी मॅट्रिक झाला. (आपण त्या वयात सहावीत भूगोलाच्या नकाशात रंग भरत होतो.) मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली बी.ए., तेही पहिला नंबर आणि सुवर्णपदक. १९०६ साली, म्हणजे अठराव्या वर्षी, त्यांचा पहिला रिसर्च पेपर लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. विषय होता आयताकृती फटीतून जाणाऱ्या प्रकाशाचं डिफ्रॅक्शन. कुणी गाइड नाही, कुणी करायला सांगितलेलं नाही.

एवढा हुशार मुलगा म्हटल्यावर विलायतेला जायचा. पण डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तिथली थंडी याला झेपणार नाही. मग उरली सरकारी नोकरी. अर्थखात्याची परीक्षा दिली, त्यातही पहिले आले. १९०७ साली लोकसुंदरींशी लग्न झालं आणि त्याच वर्षी कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून नेमणूक झाली. वय अठरा, बायको, बंगला, पगार. आपल्याकडे प्लेसमेंट झालेल्या मुलाचे आई-वडील याहून जास्त काय मागतात?

पण कलकत्त्यात एक दिवस ट्राममधून जाताना त्यांना बोबाजार स्ट्रीटवर एक पाटी दिसली. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून ही संस्था काढली होती. हिंदुस्थानी माणसांनी इथे येऊन स्वतः संशोधन करावं, ही त्यांची इच्छा. पण संशोधन करायला फारसं कुणी आलंच नाही, आणि त्या निराशेतच १९०४ साली ते वारले. रामन यांनी जाऊन दार वाजवलं. दार उघडलं आशुतोष डे, म्हणजे आशुबाबू यांनी. हे आशुबाबू पुढे पंचवीसेक वर्षं रामन यांचे मदतनीस होते. तेव्हापासून पहाटे प्रयोगशाळा, दिवसा ऑफिस, संध्याकाळी परत प्रयोगशाळा, असा क्रम सुरू झाला. मध्ये १९०९ ला रंगून आणि १९१० ला आपल्या नागपूरला बदली झाली, पण १९११ ला ते परत कलकत्त्यात आले.

असं दहा वर्षं चाललं. १९१७ साली सर आशुतोष मुखर्जींनी त्यांना कलकत्ता विद्यापीठात पालित प्रोफेसर म्हणून बोलावलं. पगार सरकारी नोकरीच्या जवळजवळ निम्मा. शिवाय त्या पदासाठी परदेशात जाऊन ट्रेनिंग घेण्याची अट होती. रामन यांनी पगाराचं मान्य केलं आणि परदेशाचं साफ नाकारलं. शेवटी विद्यापीठाने अट सोडली. हा हट्टीपणा लक्षात ठेवा, पुढे तो चांगल्या आणि वाईट दोन्ही रूपांत भेटतो.

परदेशी ते पहिल्यांदा गेले १९२१ साली, ऑक्सफर्डच्या एका परिषदेला. येताना ‘नारकुंडा’ बोटीवरून त्यांना भूमध्य समुद्राचा तो गडद निळा रंग दिसला. त्या वेळचं प्रसिद्ध मत लॉर्ड रॅले यांचं : समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांच्याकडे एक निकोल प्रिझम होतं. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश विशिष्ट कोनात पोलराइज्ड असतो, तो या प्रिझमने अडवता येतो. त्यांनी तो अडवला, तर रंग फिका व्हायच्या ऐवजी आणखी खुलला! म्हणजे हे नुसतं प्रतिबिंब नाही, पाणी स्वतः प्रकाश विखुरतं. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा ‘नेचर’साठीचं पत्र तयार होतं. त्यावर पत्ता मुंबई बंदराचा आणि तारीख २६ सप्टेंबर १९२१. गेटवे ऑफ इंडियाचं बांधकामसुद्धा तेव्हा पुरं झालेलं नव्हतं.

इथून पुढची सात वर्षं कलकत्त्यात एकच ध्यास : द्रव, वायू, बर्फ, काच, जे हाताला लागेल त्यातून प्रकाश सोडायचा आणि बाजूने काय बाहेर येतं ते पाहायचं. १९२३ मध्ये त्यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना विखुरलेल्या प्रकाशात एक अगदी अंधूक, वेगळ्या रंगाचा अंश दिसला. वाटलं, द्रवात काहीतरी अशुद्धी असेल, तिचा हा फ्लुरोसन्स. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला, तरी तो अंश जाईना. १९२८ च्या जानेवारीपासून के. एस. कृष्णन या कामाला लागले. साधनं बघा : सूर्याचा प्रकाश, तो एकवटायला दुर्बिणीचं भिंग, एक निळा-जांभळा फिल्टर, एक हिरवा-पिवळा फिल्टर, आणि डोळा. पहिल्या फिल्टरमधून फक्त निळा-जांभळा प्रकाश द्रवावर जातो. दुसरा फिल्टर तो रंग पूर्ण अडवतो. म्हणजे दोन्ही लावल्यावर अंधार दिसायला हवा. पण द्रवात प्रकाशाची रेघ दिसतच राहिली. आत जाताना नसलेला रंग बाहेर येताना आला कुठून? सुमारे साठ द्रव तपासले, सगळ्यांत तेच. आणि हा प्रकाश चांगलाच पोलराइज्ड होता, म्हणजे साधा फ्लुरोसन्स नव्हता. २८ फेब्रुवारीला स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिल्यावर नवा प्रकाश मूळ प्रकाशापासून काळ्या पट्ट्याने वेगळा झालेला दिसला. नंतर पाऱ्याच्या दिव्याखाली तर स्पष्ट नव्या रेषाच मिळाल्या. सगळी साधनं मिळून काही शे रुपयांची.

आता हे होतं काय, ते आपल्या भाषेत सांगते. एका रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला की बहुतेक फोटॉन त्याच ऊर्जेने परत फिरतात. पण साधारण कोटीत एखादा फोटॉन तिथल्या अणूंच्या बंधांना हलवून, थोडी ऊर्जा तिथे खर्च करून येतो. म्हणून त्याची तरंगलांबी वाढते, रंग लालकडे सरकतो. समजा, रूममेट शंभराची नोट घेऊन गेला आणि नव्वद घेऊन परत आला, तर चहा पिऊन आला. चाळीस घेऊन आला, तर झेरॉक्स काढून आला. किती खर्च झाला यावरून कुठे गेला होता ते कळतं. तसंच फोटॉनने किती ऊर्जा खर्च केली यावरून कोणते अणू, कसे आणि किती घट्ट बांधलेले आहेत ते कळतं. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश कॅल्साइटवर टाकला तर एक ठळक रेष ५६५ च्या आसपास येते. क्वार्ट्झची ५४५ च्या जवळ येते. प्रत्येक खनिजाची सही वेगळी.

आता थोडं कटू. ‘नेचर’मधल्या पहिल्या टिपणावर रामन आणि कृष्णन अशी दोन नावं होती. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. रामन यांना इतकी खात्री होती की निकाल जाहीर होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी स्टॉकहोमची तिकिटं काढली, असं सांगतात. कृष्णन यांचा वाटा किती, यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. माझं मत विचाराल तर प्रश्न रामन यांचा, दिशा रामन यांची, पण त्या फेब्रुवारीत डोळे फोडून द्रव तपासणारे कृष्णन. जर्नलवर दोघांची नावं आणि मार्क एकाला, हे आपल्याकडच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये कुणाला नवीन आहे? तिकडे मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम त्याच महिन्यात दिसला होता, किंबहुना आठवडाभर आधीच. पण त्यांचं छापून आलं नंतर. त्यामुळे त्यांनाही काही मिळालं नाही.

१९३३ साली रामन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले हिंदी डायरेक्टर झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिली आलेली कमला भागवत (दुर्गा भागवतांची बहीण, पुढच्या कमला सोहोनी) हिने तिथे अर्ज केला. रामन यांनी नाकारला. कारण एकच, ती मुलगी होती. कमला गप्प बसली नाही. ती बंगळूरला गेली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि गांधीजींचा सत्याग्रह केला. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला : पहिलं वर्ष रेग्युलर विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पसंत पडलं तरच मान्यता, आणि तिच्यामुळे संस्थेतल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट मी आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये वाचून दाखवली, तेव्हा जो काही आवाज झाला तो इथे छापता येणार नाही. वर्षभराने रामन यांना तिचं काम मान्य करावं लागलं आणि मुलींसाठी दार उघडलं. कमलाबाई १९३९ साली केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या डायरेक्टर झाल्या. तो अपमान मात्र त्या कधी विसरल्या नाहीत. मला वाटतं विज्ञान दिनाच्या भाषणात हेही सांगावं. हार घातला म्हणून फोटोतल्या माणसाचं सगळंच बरोबर ठरत नाही.

त्या उघडलेल्या दारातून १९४० मध्ये ॲना मणी आल्या, आणि इथे आपला दगडांचा विषय पुन्हा सुरू होतो. रामन यांना रत्नांचं आणि खनिजांचं प्रचंड वेड होतं. ओपल, लॅब्रॅडोराइट, मूनस्टोन, अकीक, आणि सर्वांत जास्त हिरे. त्यांच्याकडे शेकडो हिरे होते, दागिन्यांसाठी नव्हे, तपासण्यासाठी. ॲना मणींनी त्यांतल्या तीसेक हिऱ्यांचे वर्णपट घेतले. रामन इफेक्टचा प्रकाश इतका क्षीण की फोटोग्राफिक प्लेटवर रेष उमटायला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास एक्स्पोजर द्यावं लागे. त्या रात्र रात्र प्रयोगशाळेत काढत. एकट्यांच्या नावावर पाच पेपर, १९४५ ला प्रबंध पूर्ण. आणि मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली, कारण एम.एस्सी.ची डिग्री नाही! मग त्या इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं शिकल्या आणि १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. देशात हवामानाची उपकरणं तयार होऊ लागली त्यामागे त्यांचं मोठं काम आहे. पुण्याच्या मुलांनी सिमला ऑफिसवरून जाताना एकदा त्यांची आठवण काढायला हरकत नाही.

पंधरा-वीस तासांचा हा प्रश्न सुटला तो १६ मे १९६० ला. त्या दिवशी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवला, तोही माणकाच्या स्फटिकातून. रामन इफेक्टला जे हवं होतं ते सगळं लेसरमध्ये होतं : एकच रंग, आणि एका बिंदूवर प्रचंड तीव्रता. दोन वर्षांत लेसर लावून रामन वर्णपट घेतले जाऊ लागले आणि मागे पडलेली ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत परतली. रामन तेव्हा सत्तरीत होते. डायरेक्टरपद त्यांनी भांडणांनंतर १९३७ मध्येच सोडलं होतं, १९४८ मध्ये स्वतःची रामन रिसर्च इन्स्टिट्यूट काढली होती, १९५४ ला भारतरत्न मिळालं होतं. आणि त्यांचं लक्ष गेलं होतं फुलांच्या रंगांकडे आणि डोळ्याला रंग कसा दिसतो याकडे. सरकारी अनुदान नको, मोठी यंत्रं नकोत, हा त्यांचा बाणा शेवटपर्यंत टिकला. २१ नोव्हेंबर १९७० ला ते गेले. संस्थेच्या बागेतच अंत्यसंस्कार झाले. तिथे समाधी नाही, एक झाड आहे.

आता मंगळ. १८ फेब्रुवारी २०२१ ला नासाची पर्सिव्हरन्स गाडी जेझेरो विवरात उतरली. तिच्या मानेवर सुपरकॅम आहे आणि हाताच्या टोकाला शेरलॉक. दोन्हीत रामन स्पेक्ट्रोमीटर. परग्रहावर हे उपकरण पहिल्यांदाच गेलं. तोपर्यंत दुसरी लेसर पद्धत वापरात होती, लिब्स. तिच्यात लेसरच्या ठिणगीने दगडाचा कणभर भाग जाळून प्लाझ्मा करतात आणि त्यातली मूलद्रव्यं ओळखतात. आपल्या चांद्रयान-३ च्या प्रग्यानने ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ सल्फर ओळखलं ते याच पद्धतीने, आणि ते उपकरण बंगळूरलाच बनलं होतं. पण लिब्स सांगते मूलद्रव्यं, ती एकमेकांशी कशी बांधली आहेत ते नाही सांगत. हिरा आणि पेन्सिलमधलं ग्रॅफाइट लिब्ससाठी दोन्ही कार्बनच. रामनला मात्र फरक लगेच कळतो. आणि मंगळावर प्रश्न तोच असतो. मॅग्नेशियम, कार्बन, ऑक्सिजन आहेत एवढं पुरत नाही. ते मिळून कार्बोनेट झालं आहे का? कारण कार्बोनेट बहुधा पाण्याच्या सोबतीने बनतं.

सुपरकॅम हिरव्या लेसरचे, ५३२ नॅनोमीटरचे, अगदी क्षणिक झटके काही मीटर दूरच्या दगडावर मारतो. गंमत अशी की रामन यांनी सुरुवात केली सूर्यप्रकाशाने, आणि मंगळावर तोच सूर्य मोठी अडचण! भर दिवसा तो क्षीण प्रकाश शोधायचा कसा? उपाय असा : झटक्याबरोबर कॅमेरा उघडायचा आणि सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागात बंद करायचा. तेवढ्या वेळात सूर्याचा प्रकाश नगण्य येतो, आणि मागून सावकाश येणारा फ्लुरोसन्सही बराचसा बाहेर राहतो. होय, तोच फ्लुरोसन्स, ज्याने १९२३ मध्ये रामनाथन यांना चकवलं होतं. शेरलॉकने दुसरा मार्ग घेतला. त्याचा लेसर २४८.६ नॅनोमीटरचा, खोल अल्ट्राव्हायोलेट. तिथे रामनचा भाग आणि फ्लुरोसन्सचा भाग वर्णपटात वेगवेगळ्या ठिकाणी पडतात.

या दोघांनी जेझेरोच्या तळावर ऑलिविन ओळखलं, म्हणजे खडक मुळात ज्वालामुखीच्या जातीचा. पण त्यातच कार्बोनेट, सल्फेट आणि पर्क्लोरेटही सापडले, म्हणजे नंतर तिथे पाणी फिरलं आहे. २०२४ च्या जुलैमध्ये बिबट्यासारखे ठिपके असलेला एक दगड सापडला, नाव चेयावा फॉल्स. शेरलॉकला त्यात कार्बनयुक्त सेंद्रिय पदार्थाची खूण मिळाली. २०२५ मध्ये त्यावर ‘नेचर’मध्ये पेपर आला : हे प्राचीन सूक्ष्मजीवांचं काम असू शकेल, पण रासायनिक कारणही असू शकतं. घाईने उड्या मारण्यात अर्थ नाही, पण कोणत्या दगडाचा नमुना नळीत भरायचा हे ठरवायला अशा वर्णपटांचा आधार होता एवढं नक्की.

आणि एक शेवटची माहिती, जी मला सर्वांत आवडली. एवढ्या लांब पाठवलेलं उपकरण बरोबर मोजतंय की नाही, हे तपासायला गाडीवर ओळखीच्या नमुन्यांची एक छोटी ताटली बसवलेली आहे. लेसर अधूनमधून तिच्याकडे वळवतात. रामन वर्णपटाच्या तपासणीसाठी त्या ताटलीत एक हिरा ठेवलेला आहे. त्याची रेष १३३२ या आकड्यावर आली पाहिजे, म्हणजे हिरव्या लेसरसाठी ५७३ नॅनोमीटरच्या जरा अलीकडे. तिथे आली की मग दगडांकडे वळायचं.